खाचेचा नियम

सोमवार, ३ मार्च

चौकशी समितीचे पत्र आले. एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांविरुद्ध रुग्णाची तक्रार आहे आणि समितीने मला स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून नेमले आहे. पत्र अकरा ओळींचे. त्यांत 'करण्यात येत आहे' हा प्रयोग चार वेळा आला आहे. लाल शाईने खुणा केल्या व पत्र फायलीत लावले. अशी पत्रे तपासून परत पाठवण्याची सोय नसते.

सोबत एक छापील नमुना. पहिला मुद्दा : 'तज्ज्ञाची व्यावसायिक पार्श्वभूमी, दीडशे शब्दांत.' हिला वाचून दाखवले. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाल्यावर बायको नवऱ्याच्या कामाचा जितका आदर करते, तितका करून ही म्हणाली, "दीडशे तुम्हाला पुरायचे नाहीत, आणि एकशे एकावन्नावा लिहायचं धाडस व्हायचं नाही. बसा आता."

बुधवार, ५ मार्च

दवाखान्यात सकाळी अकरा रुग्ण. दुपारी पार्श्वभूमीचा मसुदा केला. एकेचाळीस वर्षे त्वचारोगतज्ज्ञ. त्यांपैकी सव्वीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, अकरा वर्षे विभागप्रमुख. उमेदवारीच्या काळात तीन वर्षे पायी फिरून कुष्ठरोगाची पाहणी. माझी तपासण्याची पद्धतही लिहिली होती : उत्तरेच्या खिडकीशी, दिवा न लावता, रुग्णाला पायाच्या तळव्यांपासून पाहत वर यायचे, चेहरा सर्वांत शेवटी, कारण चेहरा बोलू लागतो आणि त्वचा राहून जाते.

शब्द दोनशे बारा भरले. तपासण्याची पद्धत काढून टाकली. वाक्य काढल्यावर मजकुराला काही होत नसेल, तर ते मुळात नकोच होते, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. काटछाट हा माझा हातखंडा आहे. एकशे अठ्ठेचाळीस झाले.

शनिवार, ८ मार्च

प्रकरण वाचले.

तक्रारदार पोस्टमन आहे, वय त्रेपन्न. दीड वर्षापूर्वी डाव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मसुराएवढा काळा डाग घेऊन तो संबंधित डॉक्टरांकडे गेला. पार्सलांची पेटी पायावर पडल्याचे त्याला आठवत होते. अशा डागाबाबत प्रश्न एकच असतो : साकळलेले रक्त, की रंगपेशींचा कर्करोग? दोन्ही काळेच दिसतात. डॉक्टरांनी डागाच्या मागच्या कडेला नखावर ब्लेडने बारीक आडवी खाच केली. नख वाढते तशी खाच पुढे सरकते. डागही तिच्याबरोबर सरकला, तर ते रक्त. जागीच राहिला, तर तो रंग. दहा आठवड्यांनी खाच व डाग दोन्ही साडेतीन मिलिमीटर पुढे गेलेले होते. केसपेपरवर नोंद आहे : 'रक्त. निश्चिंत असावे. पुन्हा येण्याची गरज नाही.'

दहा महिन्यांनी नख दुभंगले व खाली ओली गाठ दिसली. कर्करोगच होता, नखाखालचे रक्त त्यातूनच आले होते. अंगठा कापावा लागला. आता जांघेत गाठ आली आहे.

निर्णय विरुद्ध गेल्यास डॉक्टरांचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द होऊ शकतो.

छायाचित्रांत खाच स्पष्ट दिसते. सरळ, उथळ, खालच्या मांसाला धक्का न लावता केलेली. हात चांगला आहे. ही रीत आता फारसे कोणी वापरत नाही. मी ती सव्वीस वर्षे शिकवली. पण ती अन्यत्रही शिकवली जात असणारच.

गुरुवार, १३ मार्च

अभिप्राय लिहून झाला. 'डाग सरकला तरी गाठीची शक्यता संपत नाही, कारण गाठीतूनही रक्त येते. रुग्णास पुन्हा बोलावणे आवश्यक होते. हे प्राथमिक ज्ञान आहे.' शेवटचे वाक्य चार शब्दांचे आहे व चांगले उतरले आहे.

हिने संगणकावर उतरवून दिले. उतरवताना मध्येच थांबून तिने माझ्याकडे पाहिले. चूक सापडली काय, असे मी विचारले. "नाही," म्हणाली. "तुमच्या लेखनात चूक कुठली सापडायला?"

मंगळवार, १८ मार्च

समितीच्या कारकुनाचा दूरध्वनी.

"साहेब, तुमचा अभिप्राय पोचला. पण जरा घोळ झालाय. डॉक्टरबाईंनी बचावात चौदा पानांची झेरॉक्स जोडलीय. म्हणतात, मी या नोट्स वाचून शिकले, यात लिहिलंय तेच केलं. आता त्या नोट्सवर ना नाव ना गाव. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, हे टिपण प्रमाण मानायचं की नाही."

"मानले, तर?"

"तर बाई सुटल्या. शिकवलं तसं केलं, त्यांचा काय दोष?"

"आणि नाही मानले, तर?"

"तर मग कुणाच्याही झेरॉक्सवर पेशंट बघणाऱ्या बाई, असं होणार ना साहेब. गेला परवाना."

पाकीट दुपारी मिळाले. झेरॉक्सची झेरॉक्स आहे. पहिल्या पानाचा वरचा भाग, जेथे शीर्षक व लेखकाचे नाव होते, कापला गेला आहे. नववे पान, तिसरा परिच्छेद :

'डाग खाचेसह सरकला, तर रक्त. खाच सरकली, डाग राहिला, तर रंग. रंग असेल, तर तुकडा काढून तपासावा. रक्त असेल, तर निश्चिंत असावे.'

चौदाही पाने वाचली. अशुद्ध शब्द एकही नाही. टिपण माझे आहे.

पाने खणात ठेवली. आमटीत मीठ पडले नाही, असे जेवताना ही म्हणाली. मला कळले नव्हते.

बोटांच्या कडांना पाण्याचे बारीक फोड आले आहेत, खाज आहे. साबण बदलला असावा.

शुक्रवार, २१ मार्च

साबण तोच आहे, पंधरा वर्षे तोच आहे, असे ही म्हणते.

पाने मी आज टेबलावर काढून ठेवली होती. ही फडके घेऊन आली आणि पुसता पुसता थांबली.

"हे माझ्या मशीनवरचं."

"कशावरून म्हणतेस?"

"'ठ' बघा की. ओळ सोडून वर उडी मारतोय. अख्ख्या कॉलेजात इतका उनाड ठ माझ्याच मशीनला होता." ही तेव्हा महाविद्यालयाच्या कार्यालयात टंकलेखिका होती. "कुठून आलं हे?"

मी सांगितले. कारकून काय म्हणाला, तेही सांगितले. हिने फडके खुर्चीच्या पाठीवर टाकले व खाली बसली.

"नववं पान ना? त्या पानाला मी दोनदा बसले होते."

"दोनदा कशाला?"

"तुम्ही मधलं एक वाक्य काढायला लावलंत म्हणून. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर एखादं अक्षर चुकलं, तर दुरुस्तीची लाल लाख लावून भागतं. अख्खं वाक्य काढलं, की दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून सगळं पान परत. अंगात ताप होता माझ्या. मी म्हटलं, राहू द्या ना ते एक वाक्य, काय बिघडतंय? तर तुम्ही म्हणालात, नियमाला शेपूट नको."

"कोणते वाक्य, ते आठवते?"

"मी टायपिस्ट होते, डॉक्टर नव्हते. 'मात्र'नं सुरू होत होतं, एवढं आठवतंय." मग फडके उचलत म्हणाली, "आणि परवा तुमच्या अभिप्रायात तेच टाईप करून दिलं मी. फक्त 'मात्र' नव्हता."

रविवार, २३ मार्च

दवाखाना बंद. वाक्य मला आठवते.

'मात्र गाठीतूनही रक्त येते, म्हणून रक्त ठरले तरी सहा महिने डोळा ठेवावा.'

ते माझे नव्हते. माझा मित्र, आमच्या महाविद्यालयातला पॅथॉलॉजिस्ट, आता हयात नाही. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली काच लावून मला गाठ व तिच्या कडेचे रक्त दाखवले होते. "एवढं घाल बाबा त्यात," म्हणाला. मी घातले. मग स्टेन्सिल हातात आल्यावर पान मोठ्याने वाचून पाहिले. चार वाक्ये तोलून बसली होती आणि पाचवे लटकत होते. मी ते काढले. ते खरे नाही म्हणून नव्हे.

वर्गात मी ते तोंडी सांगत असे. याबद्दल माझी खात्री आहे.

दुपारी झोप लागली नाही. काही विशेष वाटतही नाही. नखावर टकटक करावी तसे वाटते : आवाज येतो, संवेदना नाही.

सोमवार, २४ मार्च

खात्री करून घ्यावी म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. वर्गात त्याला सर्व जण 'पोपट' म्हणत, कारण मी बोललेला शब्दन् शब्द त्याला पाठ असे. आता तो विभागप्रमुख आहे.

"सर! तुमचा आवाज तस्साच. बोला."

"खाचेच्या नियमाबद्दल मी वर्गात काय सांगत असे?"

"परीक्षा घेताय होय? ऐका." आणि त्याने चारही वाक्ये माझ्याच चालीवर म्हणून दाखवली, 'निश्चिंत' या शब्दावर मी जसा थांबत असे, तसा थांबलासुद्धा.

"आणि त्यापुढे?"

"त्यापुढे काय सर?"

"त्यापुढे मी काही म्हणत असे काय? रक्ताविषयी? आठवून सांग."

"म्हणायचात ना! फळ्यावर खडू आपटायचात आणि म्हणायचात, 'पूर्णविराम!' सगळी पोरं दचकायची." तो हसत होता. "मी अजून तसंच करतो सर. खडू नाही आता, मार्कर आहे. तेवढा आवाज येत नाही."

त्याला मी काहीच सांगितले नाही. प्रकृतीची चौकशी करून दूरध्वनी ठेवला.

गुरुवार, २७ मार्च

कारकुनाने दूरध्वनीवर आठवण करून दिली. सोमवारपर्यंत उत्तर हवे आहे.

लिहिले : 'सदर टिपणावर लेखकाचे नाव अथवा दिनांक नाही. अशा निनावी टिपणास प्रमाण मानता येत नाही.' दोन्ही वाक्यांत असत्य काहीही नाही.

हिला उतरवून देण्यास सांगितले. वाचून तिने कागद परत केला.

"नाही देणार."

"का?"

"ताप आलाय समजा."

"हा विनोद करण्याचा विषय नाही."

"मी कुठे विनोद करतेय? तेव्हा ताप होता तरी दिलं होतं करून. त्याचं काय झालं, ते बघतेय ना."

हाताने लिहून काढले. अक्षर अजून चांगले येते. पाकीट बंद करून जोड्यांच्या कपाटावर ठेवले. फोड तळहातावर पसरले आहेत. लेखणी धरताना एक फुटला.

सोमवार, ३१ मार्च

पाकीट कपाटावरच आहे. पाऊण तास फिरून आलो, तेव्हा ते न्यायचे राहिले. दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

मंगळवार, १ एप्रिल

दवाखान्यात शिवणकाम करणारी एक बाई आली. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. दीड महिन्यापूर्वी मीच खाच केली होती. खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिले. खाच व डाग दोन्ही साडेचार मिलिमीटर पुढे.

"रक्त आहे," मी म्हणालो. "निश्चिंत असा. पुन्हा येण्याची गरज नाही."

"सुटले बाई! दीड महिना जीव टांगणीला लागला होता," म्हणत ती गेली.

मी हात धुतले. पंच्याला हात पुसताना मी काय बोललो, ते माझ्या ध्यानात आले. कंपाउंडरला तिच्यामागे पाठवले. तो धापा टाकत परत आला. बाई बसमध्ये चढली होती.

'मात्र'चे ते वाक्य गेले नऊ दिवस माझ्या डोक्यात आहे. मित्राच्या आवाजात मला ते ऐकू येते. समोर रुग्ण असताना ते माझ्या तोंडात आले नाही. मग वर्गात कोठून आले असणार? स्टेन्सिलवरून काढले त्या दिवसापासून मला ते ठाऊकच नव्हते, असे म्हणावे लागेल. केवळ अभिप्राय लिहिताना आठवले. दुसऱ्याची चूक दाखवायची होती, तेव्हा.

केसपेपरवरून तिचा पत्ता शोधला. कंपाउंडर उद्या सकाळी जाईल.

बुधवार, २ एप्रिल

बाई आली. चिडलेली होती.

"डॉक्टर, काल म्हणालात निश्चिंत व्हा, आज माणूस पाठवून बोलावलंत. मी नक्की काय होऊ ते एकदा ठरवा."

"ठरलेले नाही, हेच सांगण्यासाठी बोलावले," मी म्हणालो. "काल मी घाई केली."

नख थोडे उचलून खालचा कण काढला व तपासणीस पाठवला. माझे हात पाहून तिने विचारले, "हे काय झालंय तुम्हाला?" साबणाने, असे सांगितले. "साबण बदला मग," ती म्हणाली.

सोमवार, ७ एप्रिल

अहवाल आला. केवळ रक्त. बाईला कळवले व सहा महिने दर महिन्याला दाखवून जाण्यास सांगितले. "एवढं चांगलं निघालं, तरी?" "तरी."

कपाटावरचे पाकीट फाडले. नवा मजकूर लिहिला. नमुन्यातील पहिल्या मुद्द्यातच तो बसतो. बाकीचे मुद्दे कोरे सोडले.

'व्यावसायिक पार्श्वभूमी : मी एकेचाळीस वर्षे त्वचारोगतज्ज्ञ असून सव्वीस वर्षे अध्यापन केले. प्रकरणात जोडलेल्या चौदा पानी टिपणाचा लेखक मी आहे. ते टिपण आमच्या विभागाने सव्वीस वर्षे प्रमाण मानले. त्यातील नवव्या पानावरून एक वाक्य मी स्वतः काढले. ते खरे आहे, हे मला तेव्हा ठाऊक होते. ते असते, तर संबंधित डॉक्टरांनी रुग्णास पुन्हा बोलावले असते, असे त्यांच्या इतर नोंदींवरून दिसते. मी या प्रकरणात स्वतंत्र तज्ज्ञ नाही. माझा पूर्वीचा अभिप्राय रद्द समजावा.'

त्याखाली ते वाक्य लिहिले.

दीडशे शब्दांच्या कितीतरी आत झाले. हिने लगेच उतरवून दिले. मग म्हणाली, "चहा टाकते." मी नको म्हणालो होतो, तरी टाकला.

गुरुवार, १७ एप्रिल

सुनावणी. तळमजल्यावरची लांबट खोली. टेबलावर हिरवे कापड, पाण्याचा जग, झाकणाऐवजी बशी. समितीच्या अध्यक्षा मधोमध, बाजूला दोन सदस्य. संबंधित डॉक्टर पस्तिशीच्या असतील. मांडीवर फाईल घट्ट धरून बसल्या होत्या. समोर पोस्टमन. डाव्या बुटाचे टोक रिकामे असल्याने वर वळले होते.

अध्यक्षांनी माझे निवेदन वाचून घेतले.

"हे वाक्य का काढलंत?"

"नियम सुबक व्हावा म्हणून."

कारकुनाने मान वर केली. "सुबक? तसंच लिहू?"

"तसेच लिहा. पहिला 'बु' ऱ्हस्व."

हे मी का म्हणालो, ते कळत नाही. त्यानेही 'हो साहेब' म्हटले. मला 'सु' म्हणायचे होते. आयुष्यात प्रथमच असे चुकलो असेन. कोणाच्या लक्षात आले नाही.

मग पोस्टमनने हात वर केला. शाळेत करतात तसा. "मी यांना एक विचारू का?"

अध्यक्षांनी मान डोलावली.

"साहेब, ते वाक्य कागदावर असतं, तर माझा अंगठा वाचला असता?"

"नाही. अंगठा गेलाच असता."

"आणि ही जांघेतली गाठ?"

"ती कदाचित आली नसती."

"कदाचित म्हणजे किती? मला डॉक्टरी भाषा समजत नाही."

"दहांपैकी सात जणांना आली नसती."

तो थोडा वेळ बोटांवर काही मोजत असल्यासारखा बसला. "सात," म्हणाला. "बरं. आतापर्यंत सगळे नशीब नशीब म्हणत होते. आकडा कुणी दिला नव्हता." मग माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता, "एकोणतीस वर्षं टपाल वाटतोय मी. आमच्याकडे पाकीट फाटून आलं ना साहेब, तरी आम्ही ते पोचवतो. 'फाटलेल्या स्थितीत मिळाले' असा शिक्का मारतो आणि पोचवतो. आतलं एखादं पान बरं दिसत नाही म्हणून ठेवून घेत नाही."

मी 'बरोबर आहे' असे म्हणालो.

बाहेर ओसरीत डॉक्टर माझ्यापाशी आल्या. त्या आभार मानतील असे मला वाटले होते; का वाटले, कोण जाणे.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी नाही. मी दुसऱ्या कॉलेजची. होस्टेलवर एका सीनियरनं त्या नोट्स दिल्या. नाव नव्हतं. पण वाचताना वाटायचं, ज्यानं हे लिहिलं, त्याला किती खात्री असेल! म्हणून मी इतर पुस्तकं नंतर नंतर उघडलीच नाहीत." डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता. "होती का खात्री?"

"वाक्यांची होती."

त्यांनी फाईल बगलेत धरली. मग, "हे तुम्हाला मार्चमध्येच कळलं होतं ना? अठरा तारखेला पानं पोचली, कारकून म्हणाला. एक महिना मी घरी दवाखाना बंद करून बसलेय, सर." आणि गेल्या.

बसला उभे राहण्याऐवजी चालत आलो. तास लागला. पाय दुखले असावेत. हिने गरम पाणी दिले, तेव्हा कळले.

सोमवार, १२ मे

निर्णयाची प्रत आली. डॉक्टरांना ताकीद, परवाना कायम. पोस्टमनच्या उपचारांबाबत समितीला अधिकार नाही, असे एक वाक्य. माझे नाव तज्ज्ञांच्या यादीतून कमी करण्यात आले आहे. पत्रात लाल शाईने खुणा करण्यासारखे पुष्कळ होते. वाचून ठेवून दिले.

पोपटला दूरध्वनी करून पाचवे वाक्य सांगितले. त्याने ते लिहून घेतले. मग म्हणाला, "सर, माझ्या सोळा बॅचेस झाल्या."

शनिवार, १७ मे

दुपारी दाराची घंटा वाजली. हिने उघडले. संबंधित डॉक्टर होत्या. (त्यांना यापुढे काय म्हणावे, हे मला ठरवता आलेले नाही.) खांद्याला पिशवी, हातात ती चौदा पाने; प्रत्येक पानाला रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

"बसा ना," ही म्हणाली. "पाणी आणते."

त्या बसल्या नाहीत. पाने माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"सर, दवाखाना परत सुरू केलाय. आणि मी अजून यावरच पेशंट बघते. दुसरं माझ्या हातात बसतच नाही. नववं पान आता कळलं." त्यांनी पहिले पान उघडले. "उरलेल्या तेरांतून काय काय काढलंय, तेवढं सांगा."

"तीस वर्षांपूर्वीचे आहे," मी म्हणालो. "सर्व आठवेलच, असे नाही."

"आठवेल तेवढं," ही पाण्याचा पेला ठेवत म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "जिथे जिथे पान परत टाईप केलंय, ते मला आठवतंय. दुसरं, पाचवं, आणि ते गजकर्णाचं."

डॉक्टरांनी पेन्सिल काढली. माझी लाल लेखणी टेबलावरच होती. मी ती पुढे केली, पण त्यांनी पेन्सिलच वापरली. मग त्या बसल्या.

पहिले पान मी मोठ्याने वाचू लागलो. माझाच मजकूर, एका ठिकाणीही न अडखळणारा. चौथ्या ओळीशी थांबलो. तेथे औषध किती दिवस द्यावे, याच्या पुढे वयाविषयी काही होते. लहान मुलांविषयी. सांगितले. त्यांनी समासात लिहून घेतले व पुन्हा मला वाचून दाखवले. मी दुरुस्ती केली नाही.

पुढच्या परिच्छेदावर त्यांनी पेन्सिलचे टोक ठेवले.

"आणि इथे?"

मी वाचले. पुन्हा वाचले. परिच्छेद फार चांगला होता.

"येथेही," मी म्हणालो.